लेआउट मनपाच्या ताब्यात कधी जातो, आणि ते ठरवतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात हुडकेश्वरकडच्या एका लेआउटमध्ये ऐंशीच्या वर घरं झालीत, विचारणारे काका स्वतः बारा वर्षांपासून तिथे राहतात, टॅक्स न चुकता भरतात, तरी रस्ता मुरमाचाच, निम्मे दिव्याचे पोल बंद, नालीचं पाणी ओपन स्पेसमध्ये जाऊन साचतं. डेव्हलपर म्हणतो मी केव्हाचं हँडओव्हर केलं, झोन ऑफिसमधले म्हणतात तुमचा लेआउट आमच्याकडे आलाच नाही. मग हे ठरवायचं कोणी आणि कधी?

मी यात अठ्ठावीस वर्षं घालवली, आधी सरकारी बाजूने ज्युनिअर इंजिनिअर म्हणून आणि मग बाहेर पडून प्लॉटधारकांच्या बाजूने, त्यामुळे दोन्हीकडची वाक्यं पाठ आहेत. कागदावरचं उत्तर एका शब्दात संपतं: आयुक्त. पण बहुतेक लेआउटमध्ये आयुक्तांपर्यंत फाईल जातच नाही, आणि खरा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो, ज्या दिवशी डेव्हलपरचे अडकवून ठेवलेले शेवटचे प्लॉट सुटतात त्या दिवशी. त्या दिवशी तुमच्यापैकी कोणी तिथे नसतं, निम्म्यांनी तर तेव्हा प्लॉटही घेतलेला नसतो.

हे समजायला लेआउट मंजूर कसा होतो ते थोडं बघावं लागतं. जमीनमालक किंवा डेव्हलपर नकाशा टाकतो, आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मग भूमी अभिलेखची मोजणी, डिमार्केशन म्हणजे जागेवर हद्दीच्या खुणा, मग फायनल. मंजुरीच्या पत्रात अटींची लांब यादी असते, रस्ते अमुक रुंदीचे करायचे, खडीकरण-डांबरीकरण, पावसाळी नाल्या, गडरलाइन म्हणजे मलवाहिनी, पाण्याची लाइन, खांब, ओपन स्पेसला कुंपण, आणि हे झाल्यावर रस्ते विनामोबदला स्थानिक संस्थेला द्यायचे. हे सगळं त्याने करावं म्हणून काही प्लॉट मंजुरी देणारं प्राधिकरण अडकवून ठेवतं, काम जसं होईल तसे टप्प्याटप्प्याने सोडतं. सोडल्याचं पत्र म्हणजे रिलीज लेटर, आपल्याकडच्या जाहिरातीतला तो आरएल.

इथे एक गंमत, नागपुरात आरएल दोन आहेत. मंजूर लेआउटमधला आरएल म्हणजे रिलीज लेटर, आणि गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरी न घेताच पाडलेल्या प्लॉटांचा, आरएल म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही. तुमच्याकडे "आरएल आहे" असं कोणी म्हटलं तर आधी कोणता ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पहिल्यात काम करायची जबाबदारी डेव्हलपरची. दुसऱ्यात, म्हणजे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेल्या लेआउटमध्ये, विकासशुल्क तुम्ही स्वतः डिमांड नोटवर भरलेलं असतं, डेव्हलपर चित्रातून केव्हाच गेलेला असतो, आणि काम करायचं ते प्राधिकरणाने, तुमच्या भरलेल्या पैशातून. ५७२ लेआउट आणि १९०० लेआउट, अनधिकृत लेआउटच्या या दोन याद्या नागपूरकरांना सांगायला नको, तिथली सगळी रडगाणी या दुसऱ्या प्रकारातली. तुमचा लेआउट तुमच्या वर्णनावरून मंजूर प्रकारातला वाटतो, म्हणून पुढचं त्याच धरून लिहिते.

तर तो शेवटचा रिलीज. शेवटचे पाच-सात प्लॉट अडकलेत तोवर डेव्हलपर फोन उचलतो, साइटवर येतो, नाली साफ करून देतो. ते सुटले की त्याचं तुमच्या लेआउटमध्ये काहीच उरत नाही. आता हे प्लॉट सोडायचे की नाही हे कोणाच्या रिपोर्टवर ठरतं? एका ज्युनिअर इंजिनिअरच्या. मी तो रिपोर्ट लिहिलेला आहे, एकदा नाही, पुष्कळदा, म्हणून सांगते की तो कसा लिहिला जातो यावर पुढची वीस वर्षं ठरतात. एका लेआउटला रस्ता बघायला गेले होते, वरून चकाचक काळा. कडेला फावड्याने उकरायला लावलं तर बोटाच्या पेराएवढा डांबराचा थर आणि खाली सरळ मुरूम, गिट्टी नावालाही नाही. गडरलाइनचं एका चेंबरचं झाकण उघडून आत आरसा धरला, पुढच्या चेंबरमधून पोराने टॉर्च मारला, उजेड पूर्ण गोल दिसायला पाहिजे, दिसला चंद्रकोरीसारखा. म्हणजे पाइप मध्ये बसलाय, तिथे घाण साचणार. ही तपासणी फुकटात होते, अर्धा तास लागतो, आणि कित्येक लेआउटमध्ये ती झालेलीच नसते. मी त्या फाईलवर "काम अपूर्ण" लिहिलं, दोन महिन्यांत माझी बदली झाली, प्लॉट नंतर सुटले. असो.

आता कायदा. महानगरपालिका अधिनियमात खासगी रस्ता सार्वजनिक कधी होतो ते लिहिलेलं आहे आणि ते वाचण्यासारखं आहे, कारण त्यात तुमच्या बाजूचं एक वाक्य लपलंय. मथितार्थ असा: खासगी रस्ता सपाट केला, खडी-फरसबंदी झाली, मलवाहिनी आणि पाण्याचा निचरा झाला, आयुक्तांचं समाधान झालं, की आयुक्त तो सार्वजनिक रस्ता जाहीर करू शकतात, आणि दिव्यांची सोयही झालेली असेल आणि रस्त्याच्या मालकांपैकी कोणीही मागणी केली, तर जाहीर करावाच लागतो. जाहीर करायचं म्हणजे त्या रस्त्यावर लेखी नोटीस लावायची. महिन्याभरात रस्त्याच्या मालकाने किंवा मोठ्या भागाच्या मालकाने लेखी हरकत घेतली तर मात्र तो सार्वजनिक होत नाही. याच्याच जोडीला दुसरी तरतूद आहे की रस्ता नीट नसेल तर आयुक्त लगतच्या मालकांना नोटीस देऊन तो करून घ्यायला सांगू शकतात, नाही केला तर स्वतः करून खर्च त्यांच्याकडून वसूल करू शकतात. हे दुसरं कलम लोकांना आवडत नाही, कारण त्यात "लगतचे मालक" म्हणजे तुम्हीच. पण ते माहीत असलेलं बरं.

म्हणजे बघा, "करू शकतात" आणि "करावंच लागतं" यांच्यामध्ये जे आहे ते दोनच गोष्टींचं, दिव्यांसकट काम नीट झालेलं असणं आणि कोणीतरी लेखी मागणं. कामाचं समाधान हे आयुक्तांचं, म्हणजे प्रत्यक्षात झोनच्या इंजिनिअरचं. मागणं तुमचं. आणि नागपुरात मी बघितलेल्या दहापैकी आठ लेआउटमध्ये लेखी मागणी अशी कोणी केलेलीच नव्हती, नगरसेवकाला निवेदनं दिली होती हार घालून फोटो काढून, पण आयुक्तांच्या नावाने "आमचे रस्ते सार्वजनिक जाहीर करा" असा साधा अर्ज एकही नाही.

यातही एक अडचण आहे आणि ती लपवत नाही. रस्त्याचा "मालक" कोण? तुमचा सातबारा काढा, आणि फक्त तुमच्या प्लॉटचा नको, रस्त्याचा आणि ओपन स्पेसचाही काढा. तिथे बहुतेक वेळा अजून मूळ शेतमालकाचं नाव असतं, तो वारला असेल तर वारसांची सहा-आठ नावं चढलेली असतात. मला एका ठिकाणी रस्त्याच्या सातबाऱ्यावर अकरा नावं सापडली, त्यातली एक मुलगी अमेरिकेत. या नावांचा धोका दुहेरी आहे. एक म्हणजे हरकत घ्यायचा हक्क कागदावर त्यांच्याकडे. दुसरा जास्त वाईट, ओपन स्पेस पुन्हा विकली जाते. सातबारा दाखवून, मोजणी लावून, कुंपण घालून रातोरात प्लॉट पडतात. म्हणून तुमच्या विक्रीपत्रात रस्ते आणि मोकळ्या जागेच्या वापराचा हक्क लिहिलाय का ते बघा, आणि डेव्हलपरने मंजुरीच्या वेळी दिलेलं हमीपत्र माहितीच्या अधिकारात काढा, त्यात ओपन स्पेस दुसऱ्या कोणाला विकणार नाही, दुसऱ्या वापराला देणार नाही असं असतं.

ओपन स्पेसचं वेगळंच आहे म्हणून दोन वाक्यं. लोकांना वाटतं लेआउट मंजूर झाला की बाग आपोआप मनपाची. तसं नाही. सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका प्रकरणात सांगितलंय की लेआउटमधली मोकळी जागा फुकटात आमच्या नावावर करून द्या अशी अट महापालिका घालू शकत नाही, तिला देखभाल-व्यवस्थापन करता येईल पण मालकी कायद्याने दिल्याशिवाय येत नाही, आणि मालकही ती जागा विकू शकत नाही, तो रहिवाशांसाठी विश्वस्तासारखा धरून असतो. त्यामुळे "मनपाच्या नावावर नाही" याचा अर्थ "डेव्हलपर काहीही करू शकतो" असा कोणी तुम्हाला सांगितला तर ऐकू नका.

आता हुडकेश्वरचं. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये मनपा हद्दीत आलं, त्याआधी ग्रामपंचायत. तुमचा लेआउट त्याच्या आधीचा की नंतरचा ते तारखेने बघा. आधीचा असेल तर एनए ऑर्डर, म्हणजे अकृषिक वापराची परवानगी, महसूलची, रस्ते "ग्रामपंचायतीस हस्तांतरित करावे" अशी अट, आणि डेव्हलपर जे "मी हँडओव्हर केलं" म्हणतोय ते कदाचित खरंच एक पानाचं पत्र ग्रामपंचायतीच्या आवक रजिस्टरला टाकून आलेलं असेल. हद्द वाढते तेव्हा ग्रामपंचायतीच्या मालकीचं जे होतं ते मनपाकडे येतं, पण जो रस्ता ग्रामपंचायतीकडे कधी रीतसर गेलाच नव्हता तो येत नाही, तो खासगीचा खासगीच राहतो, फक्त आता मनपा हद्दीतला खासगी. दोघंही एकाच वेळी खरं बोलत असतात ते असं. ग्रामपंचायतीचा ठराव होता का, ताबा पावती होती का, हे जुनं दप्तर शोधणं म्हणजे या सगळ्या कामाचा निम्मा भाग. मी तीन वेळा शोधलंय, एकदा सापडलं, उंदराने कुरतडलेलं, पण ठराव क्रमांक आणि तारीख वाचता येत होती आणि तेवढ्यावर काम झालं.

आणि नागपुरात तर मंजुरी देणारा कोण आणि देखभाल करणारा कोण हेच एक वेगळं महाभारत. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे नासुप्र, १९३६ च्या कायद्याने आलेली, लेआउट पाडायचे, विकसित करायचे आणि मग मनपाच्या हवाली करायचे ही मूळ कल्पना. २०१९ मध्ये सरकारने तिचे नियोजनाचे अधिकार मनपाकडे दिले, पुढच्या सरकारने ते परत फिरवलं, आणि मधल्या काळात फायली इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. शहराबाहेर २०१७ पासून एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, ती नकाशा मंजूर करते पण दिवाबत्ती-कचरा ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीकडे. बेसा-पिपळ्याकडे राहणाऱ्यांना हे रोज कळतं. नासुप्रच्या लेआउटबाबत मनपा म्हणते आधी तुम्ही सगळी कामं पूर्ण करा, निधीसह द्या, मग घेऊ, आणि नासुप्र म्हणते कामं झालीत, तुम्ही घ्या. एकाच टेबलावर दोन सरकारी खाती बसवून जॉइंट इन्स्पेक्शन होतं तेव्हाच हे सुटतं, पत्रापत्रीने सुटलेलं मी तरी एक बघितलं नाही.

टॅक्सचं एकदा बोलून टाकते कारण दर बैठकीत एक आजोबा उठतातच, "मॅडम, टॅक्स त घेऊन रायले बराबर, मंग रस्ता काहून नाई देत?" राग अगदी बरोबर आहे, कायदा वेगळा आहे. मालमत्ता कर हा कर आहे, रस्त्याची फी नाही, आणि कर लावला म्हणजे लेआउट ताब्यात घेतला किंवा बांधकाम नियमित झालं असं होत नाही. तसंच आमदार निधीतून एक रस्ता सिमेंटचा झाला म्हणून तो लेआउट मनपाचा झाला असंही नाही. उलट मी म्हणते तसा रस्ता घेताना सावध राहा, कारण एक गल्ली झाली की बाकीच्या गल्लीवाले थंड पडतात आणि एकत्र अर्ज करायला माणसंच उरत नाहीत. पण टॅक्सच्या पावत्या, निधीतून झालेल्या कामाचे वर्क ऑर्डर, मनपाच्या कचरागाडीचे फेरे, हे सगळं पुरावा म्हणून जोडायचं, की तुम्ही या रस्त्याला प्रत्यक्षात सार्वजनिक धरूनच चाललाय.

गेटवाल्यांना मी नेहमी एक कडू प्रश्न विचारते, गेट पाहिजे की मनपा? काही स्कीमवाले म्हणतात रस्ता मनपाने करून द्यावा आणि गेटवर आमचा गार्ड बाहेरच्याला अडवेल. असं नाही चालत. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांसाठी. फ्लॅट स्कीमच्या आतले रस्ते तर मनपाकडे जाण्याचा प्रश्नच सहसा नसतो, ते सोसायटीकडे जातात. घर-प्लॉट घेणाऱ्यांसाठी केलेल्या रेरा कायद्यात बिल्डरने सामाईक जागा रहिवाशांच्या संस्थेला, किंवा जिथे तसं असेल तिथे सक्षम प्राधिकरणाला द्यायची असं आहे, आणि संस्था ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा त्यानेच चालवायच्या. १ मे २०१७ ला ज्यांचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र नव्हतं ते चालू प्रकल्प रेरात नोंदवायचे होते, प्लॉटचे लेआउटसुद्धा, पाचशे चौरस मीटरच्या वर असतील तर. तुमचा नोंदवलाय का हे महारेराच्या साइटवर नाव टाकून दोन मिनिटात कळेल. नोंदवला असेल तर तुमच्याकडे डेव्हलपरची मान पकडायला एक दार जास्त आहे.

तर काका, तुम्ही करायचं काय. आधी मंडळ नोंदवा, व्हॉट्सअॅप ग्रुपला अर्जदार होता येत नाही. मग माहितीच्या अधिकारात जे मागायचं ते नेमकं मागा: मंजूर नकाशाची प्रत, मंजुरीपत्रातल्या अटी, हमीपत्र, अडकवून ठेवलेल्या प्लॉटांची यादी, प्रत्येक रिलीजची तारीख आणि त्यासोबतचा तपासणी अहवाल. "आमच्या लेआउटबद्दल सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" असं उत्तर येतं आणि तीस दिवस गेले. एखादा प्लॉट अजून अडकलेला निघाला तर तुमचं नशीब, लगेच लेखी हरकत घाला की काम पूर्ण झाल्याशिवाय सोडू नका. हे मी सगळ्यात वर ठेवते, याच्यापुढे बाकी सगळं मोर्चा-निवेदन फिकं आहे. बँक गॅरंटी असेल तर ती संपायची तारीख विचारा, मी दोन ठिकाणी बघितलंय की गॅरंटी संपून वर्ष झालं होतं आणि कोणी वाढवून घेतली नव्हती.

सगळे सुटलेले असतील, आणि बारा वर्षांत सुटलेलेच असतील असं मला वाटतं, तर मग पुढची वाट आयुक्तांकडे जाते. स्वतः टेप घेऊन फिरा. नकाशात ९ मीटर लिहिलंय तिथे प्रत्यक्षात किती भरतंय ते प्रत्येक गल्लीचं लिहा. हे करताना भांडणं होतील, कारण रुंदी खाल्लेली असते ती आपल्याच लोकांनी, कोणाचा ओटा, कोणाची गाडीची रॅम्प, कोणाचं तुळशीवृंदावन फूटभर बाहेर. इंजिनिअर येतो तेव्हा पहिल्यांदा हेच बोट दाखवून परत जातो, म्हणून ते आधी तुम्हीच काढा. मग झोनमार्फत आयुक्तांना अर्ज, प्लॉटधारकांच्या सह्यांसह, त्यात अधिनियमातल्या तरतुदीचा उल्लेख, गल्लीनिहाय लांबी-रुंदी, काय झालंय काय राहिलंय, आणि शेवटी दोनच मागण्या: संयुक्त पाहणी करा, आणि रस्ते सार्वजनिक जाहीर करा किंवा का करत नाही ते लेखी द्या. तो लेखी नकार फार मोलाचा आहे. उरलेल्या कामाचं एस्टिमेट त्यात येतं, ते डेव्हलपरविरुद्ध वापरता येतं, आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जायची वेळ आली तर तोंडी "आमच्याकडे नाही" याच्यावर याचिका उभी राहत नाही, कागदावर राहते.

एस्टिमेट आलं की डेव्हलपर म्हणेल थोडे तुम्ही काढा थोडे मी टाकतो. लोक यावर मला नैतिक उत्तर मागतात, माझं उत्तर हिशोबी आहे. तो अजून नागपुरात नवीन स्कीम विकत असेल तर एक रुपया देऊ नका, त्याला नावाची काळजी आहे, त्याला ओढता येईल. तो संपला असेल, वारला असेल, कंपनी बंद असेल, तर गडरलाइनच्या त्या बसलेल्या पाइपासाठी घरटी पैसे काढून मोकळे व्हा, वीस वर्षं तत्त्वासाठी सेप्टिक टँक उपसत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. डांबराला मात्र पैसे काढू नका, ते मनपाकडे गेल्यावर होतंच.

आणि पाहणी जुलैमध्ये मागा. मे महिन्यात सगळ्या नाल्या चांगल्या दिसतात. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून शहर बुडालं तेव्हापासून निचऱ्याचं लिहिताना इंजिनिअर जरा जपून लिहितात, तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बोलवा, ओपन स्पेसमधलं ते पाणी ओसरायच्या आधी.